मधली जागा

तलावाच्या मातीच्या पाळीतून पाणी झिरपत होतं, आणि एझ्रा किहीमकर शाळेच्या ओट्यावर बसून पेटी वाजवत होता.

सोनाळ्याच्या शाळेतला हा मास्तर बेने इस्रायल ज्यू, मूळचा अलिबागकडचा. त्याच्या लोकांची जुनी कीर्तनं तो मराठीत गायचा. आज मोशेचं गात होता. मागे राजाचं सैन्य, पुढे समुद्र. पहिला पाय पाण्यात पडेस्तोवर वाट काही मिळाली नाही. त्या ठेक्यावर मुरमाची घमेली हातोहात तलावाच्या पाळीकडे सरकत होती. देणारा म्हणे 'शलोम', घेणारा म्हणे 'शलोम'. म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं होतं. "सगळं धड. काही न तुटलेलं," एझ्राने सांगितलं होतं.

रांग मात्र मधेच तुटत होती. खालच्या वस्तीतल्या तुळशीरामच्या हातचं घमेलं हिंमतराव पाटील घेईनात. "खाली ठिवू दे त्याले, मंग उचलतो." खाली ठेवलं की निम्मा मुरूम चिखलात. शेवटी एझ्राची बायको दीना दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमची जात कोन्ती वो?" हिंमतरावांनी विचारलं.

"शनवार पाळणारी."

"मंग ठीक हाय. ना इकडची ना तिकडची."

शुक्रवार होता. सूर्य बुडाला की शब्बाथ, शनवारचा विसावा, लागे, आणि एझ्रा पेटी झाकून ठेवी. आज सूर्य बुडाला तरी त्याची बोटं थांबली नाहीत. जीव वाचवताना नेम मोडला तर चालतो, हे त्याला पाठ होतं. पाळीखाली साठ घरं होती, दोन्ही वस्त्यांची. आणि पाणी आता झिरपत नव्हतं, त्याची धार लागली होती.

तेवढ्यात दीनाने हातातलं घमेलं पुढे दिलं आणि ती रांगेतून बाहेर पडली. "रूथ रडतेय." वर्गातून चार महिन्यांच्या लेकीला उचलून ती दारात बसली, पदर ओढून घेतला. एवढ्या गलक्यात हिला कसं ऐकू आलं, एझ्राला कळेना. आईचे कान.

मधली जागा रिकामी पडली. तुळशीराम भरलं घमेलं घेऊन तसाच उभा. मागे रांग तुंबली. एझ्रा उठायला लागला.

"बसा," दीना म्हणाली. "पेटी थांबली की सगळेच थांबतील."

तो बसला. तेच कडवं पुन्हा गायला. मग पुन्हा. पाळीवर मुरूम दाबणारा कडूबा ओरडला, "मुरूम काऊन थांबला बे?"

हिंमतरावांनी धारेकडे पाहिलं. मग तुळशीरामकडे. एक पाऊल टाकलं आणि हात पुढे केले.

"शलोम," तुळशीराम कसाबसा म्हणाला.

"आन बे लवकर." दुसऱ्या घमेल्याला मात्र हिंमतरावही म्हणाले, "शलोम."

कंदील लागेस्तोवर धार बंद झाली. एझ्राने पेटी झाकली, बायकोजवळ येऊन बसला.

"पोट भरलं का तिचं?" त्याने पदर जरासा बाजूला केला.

दुपट्याची गाठ दुपारी त्यानेच बांधली होती. ती तशीच होती. रूथ अजून जागीच झाली नव्हती.