डावं-उजवं
एका सहीनं संशोधिकेच्या बाबांचे आठ महिने वाचणार होते आणि तिच्या साहेबांना संचालकाची खुर्ची मिळणार होती. बाबांसारख्यांच्या हातांची थरथर थांबवणाऱ्या नव्या औषधाचे रेणू हातमोज्यांसारखे डावे-उजवे जोडीनं तयार होत. उजव्यांनी गुण येई, डाव्यांनी पिंजऱ्यातले उंदीर आंधळे झाले होते. डावे वेगळे काढायला आठ महिने हवेत. साहेबांनी तिचा डावा लोकरी हातमोजा तिच्याच उजव्या हातात चढवला. “बसला की नाही? माणसांत डावं-उजवं करत नाहीस, मग औषधात कशाला? चाचणीच्या यादीत तुझ्या बाबांचं नाव पहिलं आहे. थांबतील ते?” डावे वेगळे न काढताच ‘फक्त उजवे’ या शेऱ्याखाली तिनं सही केली. हिवाळ्यात भर दुपारी बाबांनी स्थिर हातांनी हातमोजे उचलले. “पोरी, दिवा लाव. डावा कुठला, दिसत नाही.” साहेबांना खुर्ची मिळाली, बाबांना हात, सही लेकीची होती, डोळे बाबांचे गेले.