नाव काढलं

सासूबाई दुकानाची पायरी चढताना दिसल्या, तसा लेकीचा पाय पायडलवर थबकला. करवतीचं पातं लाकडात अडकून उभं राहिलं.

"पाय," बाप मान वर न करता म्हणाला. त्याचा गुडघा धरल्यापासून ती माहेरी असली की करवत तीच चालवायची. तो नुसता फळी फिरवायचा आणि फळीतून लोकांची नावं निघायची. मग त्यालाही विहीणबाई दिसल्या आणि तो धडपडत उठला.

लेकीचं काळीज सुपाएवढं झालं. 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून नवऱ्यानं धाडलं होतं आणि ते चार दिवस काही केल्या सरत नव्हते. तिची बॅग आत भरलेलीच होती. न्यायला आल्या, दुसरं काय! तिनं केसांतला भुसा झटकला.

सासूबाईंनी खुर्ची रुमालानं पुसली, मगच टेकल्या. पिशवीतून त्यांनी दारावरची पाटी काढली. बापानंच लग्नात दिलेली. जावयाचं नाव, त्याला लागून लेकीचं, आणि दोघांच्या डोक्यावरून एकच सलग रेघ. कुठे जोड म्हणून नाही. ती देताना बाप चारचौघांत म्हणाला होता, "माझी पोर तुमच्या घरात नाव काढेल."

"मोडली की काय?" त्यानं विचारलं.

"मोडतेय कसली, तुमच्या हातची ती! हिचं नाव तेवढं कापून द्या."

बापानं पाटी उलटी करून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

"विहीणबाई, पोरीचं काही चुकलं असेल तर..."

"चुकलं कुठं म्हणतेय मी? मुलाचं मन नाही तिच्यावर. संपलं." त्यांनी मानेवरचा घाम टिपला. "आणि हो, तुमच्या धाकटीला बघायला येणारेत ते आमच्याच नात्यातले ना? चांगली माणसं आहेत. मी अजून काही घातलं नाही त्यांच्या कानावर."

बाप समजायचं ते समजला. त्यानं पेन्सिल घेतली आणि दोन नावांच्या मध्ये उभी खूण केली.

"रेघ नका कापू," सासूबाई म्हणाल्या. "नव्या नावाला लागेल ती."

"रेघ ठेवली तर हिची अक्षरं सुटी होतील. रेघेसकट कापलं, तर नाव अख्खं निघेल."

"अख्खं घेऊन लावणार कुठं?"

लेक बापाच्या तोंडाकडे बघत होती. आता तो पाटी भिरकावून देईल, असं तिला वाटलं. निदान आज वेळ नाही, एवढं तरी म्हणेल. बापानं उभी खूण खोडून टाकली. मग पट्टी लावून रेघेखालून आडवी खूण केली, अगदी सरळ, आणि पाटी पात्याला भिडवली.

"पाय."

"बाबा..."

"धाकटीचा विचार कर," तो पुटपुटला. "पाय हलव, बाई."

तिनं पायडल दाबलं. पातं वर-खाली नाचू लागलं. आधी शेवटचं अक्षर खाली पडलं, मग मधलं, मग पहिलं. भुसा तिच्याच पावलांवर सांडत होता. कापायला काही उरलं नाही तरी तिचा पाय चालतच होता आणि तिला थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

रेघेवर फक्त तिच्या नावातली वेलांटी उरली होती. ती रेघेच्या वर, म्हणून वाचलेली. बाप तीही काढायला पाटी फिरवू लागला.

"असू द्या, असू द्या," सासूबाई म्हणाल्या. "नवीच्या नावातही तिथंच वेलांटी येते."

पाटी पिशवीत घालून त्या उठल्या. खाली पडलेल्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून त्यांनी साडी जरा उचलून धरली. पायरीवर पोचल्यावर वळल्या आणि पायडल मारणाऱ्या लेकीकडे बघून हसल्या.

"तुमचा शब्द खरा हो, व्याहीबुवा. काढलं पोरीनं नाव."