जबाबदार व्यक्तीचं नाव

आगीच्या नळीची लाल पेटी उघडली, तर आत नळीच नव्हती. दोन झाडू होते, एक पोछा आणि फिनेलची बाटली.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने सोसायटीच्या चेअरमनकडे पाहिलं आणि चेअरमननी मावशींकडे. किती वेळा सांगितलं यांना, असं ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. झाडू तिथे ठेवायला चेअरमननीच सांगितलं होतं. जिन्याखाली ठेवले की येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतात म्हणून. मावशींनी बादली या हातातून त्या हातात घेतली. वीस वर्षं या इमारतीचे चार मजले झाडता-पुसता त्यांना याचीही सवय झाली होती.

अधिकारी जिना चढत लिहीत गेला, मागून चेअरमन आणि बादली घेऊन मावशी. दुसऱ्या मजल्यावर चपलांचं रॅक. तिसऱ्यावर दोन सायकली. चौथ्यावर खुद्द चेअरमनच्या दाराबाहेर निम्मी जागा अडवून बसलेलं लाकडी कपाट. त्याच्या कोपऱ्याने मावशींच्या मांडीवर काळानिळा डाग कायमचा करून ठेवला होता. वर गच्चीच्या दाराला कुलूप. कुलूप चोरांसाठी आहे आणि कपाट तात्पुरतं आहे, असं चेअरमननी सांगितलं. ते तात्पुरतं कपाट सहा वर्षांचं होतं.

परत चौथ्या मजल्यावर उतरल्यावर फॉर्मवर एक रकाना आला. अग्निसुरक्षेसाठी जबाबदार व्यक्तीचं नाव आणि सही. कायद्याने तो कोरा सोडता येत नाही, असं अधिकारी म्हणाला आणि तिथेच घोडं अडलं. चेअरमननी सेक्रेटरींचं नाव सुचवलं. सेक्रेटरी फोनवर म्हणाले की आपण या महिन्यात राजीनामा देणारच होतो. प्रत्येक मीटिंगमध्ये इतरांना कायदा शिकवणारे तळमजल्यावरचे वकील सोबत आले होते, त्यांना एकदम आठवलं की आपण इथे फक्त भाडेकरू आहोत. जो तो अंग काढून घेत होता. एवढ्यात चेअरमनची नजर बादलीवर पडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

इमारतीत चोवीस तास कोण असतं, मावशीच ना, मग त्यांचंच लिहा, असं म्हणून ते वळले.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

त्यांना 'मावशी' म्हणत बोलायला शिकलेली इथली पोरं आता गाड्या चालवत होती. नाव मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

आग लागली तर काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

"आधी तुमच्याकडे येऊ," अधिकारी म्हणाला. "कुणी दगावलं, तर पोलीसही तुमच्याकडेच येतील. सही करायची सक्ती नाही, बाई."

नुसती औपचारिकता आहे, असं चेअरमन घाईघाईने म्हणाले. आणि मग अगदी गोड आवाजात, पंपाजवळची खोली मावशींना सोसायटीनेच राहायला दिली आहे, याची आठवण करून दिली.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही केली तर तुरुंग, नाही केली तर रस्ता, आणि हा माणूस हसतोय. त्यांनी बादली खाली ठेवली.

"जबाबदार माणसाने काय काय करायचं असतं, ते वाचून दाखवा."

अधिकाऱ्याने पान उलटलं. जिना आणि बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवणे. अडथळा दिसल्यास तत्काळ हटवणे.

"तत्काळ म्हणजे?"

"म्हणजे आत्ता," अधिकारी म्हणाला आणि त्याने पेन पुढे केलं.

मावशींनी नाव सांगितलं, एकेक अक्षर लावत सही केली. मग बादलीतलं साबणाचं पाणी कपाटाच्या पायांशी ओतलं. मागची धूळ काढायला दर आठवड्याला त्या असंच करायच्या. खांदा लावला. कपाट निमूटपणे सरकलं, चेअरमनच्या उघड्या दारातून आत गेलं आणि त्यांच्या नव्या गालिच्यावर, सोफ्याला टेकून थांबलं. वकील दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले. अधिकारी आपल्या कागदात डोकं घालून बसला.

चेअरमनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. हे कुणाच्या परवानगीने चाललंय, असं त्यांनी ओरडून विचारलं.

मावशींनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, फॉर्मवर लिहिलं होतं तस्संच.

मग त्या चेअरमनकडे वळल्या आणि गच्चीच्या किल्लीसाठी ओला हात पुढे केला.