लाँड्रीतलं गाणं

कंडक्टरने दुसऱ्यांदा घंटा दिली, तरी ड्रायव्हरने बस हलवली नाही.

स्टॉपला लागूनच लाँड्री होती. तिच्या झरोक्यातून वाफ यायची आणि वाफेबरोबर एका बाईचं गाणं. आठवड्यापूर्वी ते पहिल्यांदा कानावर पडलं आणि ड्रायव्हरची झोपच उडाली. दिवसभर हॉर्न, शिव्या, ब्रेकची किंचाळी, आणि मध्येच हे असलं काहीतरी! शब्द कळायचे नाहीत, पण काळीज हलायचं.

"गाणं संपलं की हाक मारा, तोवर मी दाढी करून येतो," कंडक्टर म्हणाला. प्रवासी आधी हसले, मग चिडले. डेपोतल्या साहेबांनी शेवटची ताकीद दिली होती, आणखी एकदा उशीर झाला तर कायमचं घरी बसायचं. तरी त्याचा पाय क्लचवरून उठेना.

घरी नुसती शांतता. तीही त्यानेच मागून घेतलेली. लग्न झाल्या झाल्या बायकोला बजावलं होतं, माझे कान किटलेले असतात, घरात आवाज नको. बिचारीने ते पाळलं. जेवताना ती हळू आवाजात गळका नळ, लेकीचा खोकला, नव्या कामाचं काहीबाही सांगायची आणि तो हं हं करायचा. अलीकडे तेही थांबलं होतं.

असं गाणारं माणूस ज्याच्या घरात असेल, तो किती नशीबवान! हे मनात आलं की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. पण चैन कसं ते पडेना.

शेवटी त्याने ठरवलं, एकदा बघायचं आणि नाद सोडायचा. त्या दिवशी निघताना घरात कोणी नव्हतं. त्याने कपाटातला कडक इस्त्रीचा शर्ट काढला, निळ्या दोऱ्याने बटण लावलेला, आणि चोळामोळा करून पिशवीत कोंबला. तेवढंच निमित्त.

स्टॉपवर बस उभी करून तो सरळ खाली उतरला. मागे हॉर्न वाजायला लागले. कंडक्टरने कपाळावर हात मारला.

लाँड्रीत वाफ दाटली होती. बाई पाठमोरी, इस्त्री फिरवत गात होती. त्याने पिशवीतून शर्ट काढला.

"ताई, एवढा शर्ट करून द्याल?"

गाणं थांबलं. वळून न बघता तिने हात मागे केला, शर्ट घेऊन टेबलावर पसरला. तिचा अंगठा निळ्या दोऱ्यावर येऊन थांबला.

"हा मी सकाळीच केला होता," ती हळू आवाजात म्हणाली.