उंबऱ्यावरचे खडे

विक्लोच्या डोंगरातलं ते तळं म्हणजे खरं तर धरण. त्याच्या पोटात एक गाव बुडालेलं. २०१० च्या सप्टेंबरात पाणी इतकं खाली गेलं की एका घराचा उंबरा उघडा पडला. वृंदाने गौरीचे खडे नेमके त्या उंबऱ्यावरून वेचले.

घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, असं पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी बजावलं होतं. खड्यांची वाटी शेजारच्या सीटवर ठेवून वृंदा एकटीच सँट्रीतल्या घराकडे निघाली.

थोड्याच वेळात गाडीत टिंग-टिंग सुरू झालं. मागे बसलेल्या माणसाने पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

मागे तर कुणीच नव्हतं. वृंदाने ओठ घट्ट मिटले. आरशाकडेसुद्धा बघायचा तिला धीर झाला नाही.

मग मागे खट् झालं, आणि टिंग-टिंग थांबलं.

दारात सासूबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी वृंदाच्या पायांवर दूध-पाणी घातलं. मग तिच्या खांद्यामागे बघून त्या हसल्या, आणि त्यांनी तांब्या पुन्हा कलता केला.

“तूही ये गं आत,” त्या म्हणाल्या. “केवढी भिजलीयेस!”