किटलीतली खिडकी

सासूबाईंनी ईझल नेमका पुढच्या दारातच मांडला. दाराला पाठ लावून स्टूल, स्टुलापुढे ईझल, पलीकडे टेबल, टेबलावर तांब्याची किटली, दोन पेर आणि अर्धं कापलेलं लिंबू. त्यांना उठवल्याशिवाय मुंगीलाही बाहेर पडता आलं नसतं.

"आई, इथे कशाला? आत उजेड चांगला येतो," सून म्हणाली.

"आतला उजेड पाहुण्यासारखा. आला आला म्हणेपर्यंत गेला. मला इथलाच हवा."

दारालगतच्या खिडकीचा निम्मा पडदा त्यांनी सरकवला. घड्याळात दोन वाजले होते.

सुनेची गाडी पाचची होती. स्टँडवर धाकटी बहीण थांबणार होती. आज चुकली तर पुन्हा असा दिवस नव्हता, कारण उद्यापासून नवरा महिनाभर रजेवर, चोवीस तास घरात. मागचं दार त्याने गेल्याच महिन्यात फळ्या ठोकून बंद केलं होतं, चोरांच्या भीतीने म्हणे. त्या काळी फोनच्या चकतीत अडकवायचं एवढंसं कुलूप मिळायचं. तेही त्याने आणलं होतं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती.

सकाळी स्वयंपाकघरात मायलेकांची कुजबुज चालली होती. सून आत गेली तशी ती थांबली. कामावर निघताना तो एवढंच म्हणाला, "आई, लक्ष ठेव."

"ठेवते ना," सासूबाई म्हणाल्या होत्या.

सासूबाई एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होत्या. निवृत्तीनंतर ब्रश जवळजवळ सुटलाच होता. आज मात्र जेवणाची ताटं उचलल्याबरोबर त्यांनी रंगाची पेटी काढली.

"किती वेळ लागेल?" सुनेने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ओल्यावर ओलं काम आहे. एक रंग ओला आहे तोवर दुसरा त्यात मिसळायचा. सगळं एका बैठकीत. उद्यावर ढकललं तर रंगावर साय धरते, मग तो ब्रशाचं ऐकत नाही." त्या किंचित हसल्या. "तसं माझं इथे कोण ऐकतं म्हणा."

सुनेला हसू आलं नाही.

"किटलीखाली काहीतरी घालायला हवं. ते निळं पांघरूण आण बरं, इस्त्रीच्या ढिगावरचं."

त्याच पांघरुणाखाली तिची भरून ठेवलेली पिशवी होती. "ते धुवायचंय, आई."

"पेरांना काय कळतंय? आण."

तिने पिशवी पायाने पलंगाखाली ढकलली आणि पांघरूण नेऊन दिलं. परत फिरताना ती खिडकीपाशी रेंगाळली, तशा सासूबाई करवादल्या, "उजेडात येऊ नकोस गं. सावली पडते. तिकडे भिंतीशी बस."

तीन वाजले. पेर झाले, लिंबू झालं. सासूबाईंचा हात झरझर चालत होता, पण किटलीपाशी आला की रेंगाळायचा. किटलीच्या फुगीर पोटात त्यांच्या पाठीमागची खिडकी पांढऱ्या ठिपक्याएवढी उतरली होती, आणि त्या पांढऱ्यात एक बारीक काळी रेघ. त्या मान वर करत, किटलीकडे टक लावून बघत, पुन्हा ब्रश टेकवत.

"ते काळं कशाला? चांगली किटली डागाळल्यासारखी दिसते," सून भिंतीपासून म्हणाली.

"जे दिसतं ते काढते. मनाचं घालायची मला सवय नाही."

"मी कोपऱ्यावरून दूध घेऊन येते."

"दोन लिटर आहे. सकाळीच आणलंय मी."

साडेतीन झाले. मग पावणेचार. ती उठली. आपला आवाज तिला परका वाटला. "आई, मला बाहेर जायचंय."

"बस खाली."

"थोडा वेळ फक्त—"

"चित्र होईपर्यंत या घरातून कुणी हलायचं नाही. बस म्हटलं ना."

वर्गातल्या पोरांना गप्प करणारा आवाज होता तो. सून दोन पावलं पुढे आली. तिने ईझलला हात घातला. एक धक्का पुरेसा होता. बाही वर सरकली आणि मनगटावरचा जांभळा वळ उघडा पडला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि ब्रश पुन्हा पांढऱ्यात बुडवला.

तिचा हात आपोआप खाली आला. ती भिंतीशी जाऊन बसली. सासूबाईंनीही याच घरात चाळीस वर्षं काढली होती. लेक त्यांचा होता. आपण कुणाकडून काय अपेक्षा ठेवली होती, असं तिच्या मनात आलं. स्टँडवर उभी असलेली बहीण तिच्या डोळ्यांपुढे आली. ती गाडी सुटेपर्यंत वाट बघेल आणि मग एकटीच चढेल.

सव्वाचार झाले. बाहेर एक बस घरघरत थांबली आणि निघून गेली. सासूबाईंनी किटलीकडे बघितलं. मग आज पहिल्यांदाच मान वळवून पडद्याआडून रस्त्याकडे बघितलं, बराच वेळ. पॅलेटवरची सुरी उचलून त्यांनी ती काळी रेघ अलगद खरवडली. अजून ओली होती, एका फटक्यात निघाली. तिच्या जागी त्यांनी स्वच्छ पांढरा भरला.

"झालं," त्या म्हणाल्या.

त्यांनी ईझल उचलून बाजूला ठेवला, स्टूल सरकवलं आणि दाराची कडी काढली.

"लेक माझा दोन वाजल्यापासून समोरच्या खांबाला टेकून उभा होता, तू कधी निघतेस ते बघत. कंटाळून आत्ता बसमध्ये चढला. पलंगाखालची पिशवी घे आणि पळ, बाई."