ओळखपरेड

"सर, भूल देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. सुरक्षेच्या तपासयादीतच आहे तसं," ऑपरेशन थिएटरच्या तपासणीला आलेली बाई म्हणाली.

सर्जन उखडले. "ओळखपरेड कशाला? सोयरीक जुळवायला बसलोय का इथे? वर्षानुवर्षं हीच माणसं आहेत माझ्याबरोबर!"

"मग तुम्हीच सांगा त्यांची नावं."

"ही सिस्टर. तो भूलवाला. तो वॉर्डबॉय. झालं समाधान?"

"आणि पेशंट?"

"उजवा हर्निया! आता तोंड बंद ठेवा, नाहीतर बाहेर व्हा."

भूलवाल्याने मुकाट सिरिंज उचलली.

तेवढ्यात टेबलावरच्या उजव्या हर्नियाने घाबरत मान वर केली.

"साहेब, माझा डावा आहे हो."